टूसॉनच्या लाल विटा: एका सोलापूरकर वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

सोलापूरच्या एका निवृत्त सिव्हिल इंजिनिअरांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठात शिकते. तिला भेटायला ते टूसॉनला गेले, तर गावाभोवती निवडुंग, उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे, आणि विद्यापीठात शिरल्यावर मात्र लाल विटांच्या कमानी, खांब, मधोमध हिरवळ. त्यांचे प्रश्न तीन: "तिथली जुनी घरं मातीची होती म्हणतात, मग विद्यापीठ विटांचं का बांधलं? ही युरोपची नक्कल समजायची का? आणि एवढ्या उन्हात या इमारती सव्वाशे वर्षं टिकल्या कशा?"

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. सुरुवात पुण्यातल्या वाड्यांपासून झाली, पुढची बरीच वर्षं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात गेली. थोडक्यात उत्तर असं: नक्कल आहे, पण ती अंगावरच्या कपड्यांपुरती. हाडं त्या हवेला ओळखून बांधलेली आहेत. आणि तिसऱ्या प्रश्नात तुम्ही ज्याला शत्रू धरलंय ते ऊन मुळात तिथला मोठा शत्रू नाही. वाळवंटातल्या विटेला मारतं ते पाणी. हे दोन मुद्दे नीट उलगडायचे तर जरा लांबण लागेल, पण तुम्ही बांधकामातलेच आहात, तेव्हा कंटाळणार नाही असं धरते.

आधी ही जागा कुठून आली ते पाहू, कारण त्यातच विटेचं उत्तर आहे. 1885 साली अ‍ॅरिझोना राज्यही नव्हतं, नुसती टेरिटरी होती. त्या वर्षीच्या विधिमंडळात गावोगावच्या प्रतिनिधींनी सरकारी संस्था वाटून घेतल्या. राजधानी प्रेस्कॉटकडे राहिली. फीनिक्सला मनोरुग्णालय मिळालं, त्यासाठी 1,00,000 डॉलर. टेम्पीला शिक्षकांची शाळा, 5,000 डॉलर. आणि टूसॉनला विद्यापीठ, 25,000 डॉलर. टूसॉनला हवी होती राजधानी. त्यामुळे त्यांचे प्रतिनिधी स्टीव्हन्स परतले तेव्हा लोकांनी त्यांच्यावर अंडी आणि सडक्या भाज्या फेकल्या. वाळवंटातल्या त्या व्यापारी गावाला विद्यापीठाचं करायचं काय, हा प्रश्न लोकांना खरोखर पडला होता.

जागा एका वर्षात मिळवायची अट होती. जेकब मॅन्सफेल्ड नावाचे पुस्तकविक्रेते त्या कामाच्या मागे लागले. गावाच्या पूर्वेला झुडपांनी भरलेली 40 एकर जमीन त्यांनी हेरली. ती होती दोन जुगाऱ्यांची आणि एका दारूच्या गुत्तेवाल्याची. मॅन्सफेल्डनी त्यांना राजी करून ती विद्यापीठासाठी दान म्हणून मिळवली. 27 ऑक्टोबर 1887 रोजी पहिली कुदळ पडली. पुढे छपरापर्यंत येता येता पैसे संपले, आणि शेतकी संशोधन केंद्रांसाठी अमेरिकन सरकारचा जो निधी होता तो मिळवून काम तडीस नेलं गेलं. वर्ग 1891 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. विद्यार्थी 32, शिक्षक 6, आणि अख्खं विद्यापीठ एका इमारतीत. तीच आजची 'ओल्ड मेन'. तुमची लेक रोज तिच्या बाजूने जात असेल.

आता माती की वीट. टूसॉनची मूळ घरं तुम्ही पाहायला हवी होती. जुन्या गावठाणात, बॅरिओ व्हिएहो भागात, ती अजून आहेत. पाहताक्षणी तुम्हाला माळवद आठवेल. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या दीड-दोन फूट जाड भिंती, थेट रस्त्याच्या कडेला उभ्या. बाहेरच्या बाजूला खिडक्या मोजक्या, सगळं आयुष्य आतल्या चौकाकडे तोंड करून. छत सपाट. तुळया आडव्या टाकायच्या, त्यांवर आपण किलचान घालतो तशा साग्वारो निवडुंगाच्या वाळलेल्या काड्या, आणि वर मातीचा थर. सोलापूर-लातूरकडच्या माळवदात पांढरी माती असते, तिथे तांबूस, एवढाच फरक. हजारो मैलांवर एकमेकांना न भेटलेल्या गवंड्यांनी एकाच हवेला एकच उत्तर दिलं. पहिल्यांदा मी त्या घरात शिरले तेव्हा बाहेर जूनची दुपार होती. आत आल्यावर डोळ्यांना काही दिसायच्या आधी कातडीला कळलं की आपण कुठे आलोय.

मग विद्यापीठाने हे का सोडलं? कारण 1880 साली, मार्च महिन्यात, टूसॉनला रेल्वे पोचली. रेल्वेबरोबर पूर्वेकडचं लाकूड, पत्रे, काच, नकाशे आणि आवडी आल्या. उतरत्या छपराचं भाजक्या विटांचं घर ही प्रतिष्ठेची खूण झाली, आणि मातीचं घर म्हणजे गरिबाचं, मेक्सिकनाचं, मागासलेलं असं ठरलं. शिवाय या टेरिटरीला राज्याचा दर्जा हवा होता, जो मिळायला 1912 साल उजाडलं. 'आम्ही तुमच्यासारखेच आहोत' हे वॉशिंग्टनला दाखवायचं असेल तर विद्यापीठ मातीचं बांधून चालणार नव्हतं. आपल्याकडेही माळवदं पाडून स्लॅब टाकले गेले ते काही स्लॅब थंड असतो म्हणून नव्हे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रतिष्ठा. हे मी दोष म्हणून सांगत नाही. त्या काळच्या माणसांची ती खरी निकड होती.

पण आता ओल्ड मेनच्या जवळ जाऊ, कारण प्रतिष्ठेच्या त्या कपड्यांखाली काय आहे ते इथेच दिसतं.

आर्किटेक्ट होते जेम्स क्राइटन. टेम्पीच्या शिक्षकशाळेची, म्हणजे आजच्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाची, 1898 ची ओल्ड मेनसुद्धा त्यांचीच. टूसॉनच्या इमारतीत त्यांनी छपराला फ्रेंच मॅन्सार्डची, म्हणजे दुहेरी उताराची, धाटणी दिली, बारीकसारीक सजावट इंग्लंडकडच्या क्वीन अ‍ॅन पद्धतीची केली. एवढं पाहून विद्यार्थी वहीत 'युरोपीय शैली' असं लिहितात आणि पुढे जातात. मी त्यांना थांबवते आणि खाली बघायला सांगते.

तळमजला जमिनीत आहे. सुमारे सहा फूट खाली उतरवलेला. बाहेरून पाहणाऱ्याला इमारत दीड मजल्याची वाटते, कारण अर्धा मजला मातीच्या कुशीत आहे. सहा फूट खालच्या मातीला वरच्या दुपारची खबरच नसते; ती ऋतूंच्या मागे मागे, सावकाश तापते आणि सावकाश निवते. जूनमध्ये ती भिंत अजून वसंतातच असते म्हणा ना. तुम्ही धान्याची पेवं पाहिली असतील, तर वेगळं सांगायला नको. कूलर आणि एसीच्या कितीतरी आधीच्या विद्यापीठात शिकवण्यालायक खोल्या हव्या होत्या, त्या अशा मिळवल्या.

आणि वरच्या मजल्याभोवती चारही बाजूंनी फिरणारा व्हरांडा. हीच त्या इमारतीची खरी वास्तुकला, असं माझं ठाम मत आहे. विटा, छप्पर, नक्षी हे सगळं बाजूला ठेवा आणि फक्त हा व्हरांडा पाहा. टूसॉन उत्तर अक्षांश 32 वर आहे. जूनच्या मध्यान्ही तिथे सूर्य क्षितिजापासून 81 अंशांवर असतो, जवळजवळ डोक्यावर, त्यामुळे व्हरांड्याचं छप्पर दक्षिणेची भिंत पूर्ण झाकून टाकतं. डिसेंबरात तोच सूर्य 34 अंशांवर उतरतो आणि खांबांमधून थेट आत येतो, हवाहवासा. सोलापुरात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, टूसॉनमध्ये कधीच येत नाही; म्हणून तिथे दक्षिणेची पडवी जास्त चोख काम करते. अवघड असतात पूर्व आणि पश्चिम, जिथे ऊन तिरपं शिरतं. तिथे खोली हाच उपाय, आणि या व्हरांड्याची खोली कंजूष नाही. भिंतीवर ऊन पडूच दिलं नाही तर भिंत तापण्याचा प्रश्नच येत नाही. एकदा ऊन विटेत शिरलं की ते संध्याकाळी खोलीत उतरणारच, मग पंखा लावा की आणखी काही करा.

व्हरांडा हा शब्द इंग्रजीत आपल्याकडून, हिंदुस्थानात रुळलेल्या पोर्तुगीज शब्दावरून गेला. पण अ‍ॅरिझोनात ही सावली त्याआधीपासून होतीच. टोहोनो ओओडहाम लोक, ज्यांच्या भूमीवर हे विद्यापीठ उभं आहे, घरासमोर मेस्कीट या बाभळीसारख्या काटेरी झाडाच्या मेढी रोवून वर साग्वारोच्या काड्या पसरतात. भिंती नाहीत, फक्त छत. आपला मांडवच. स्पॅनिश बोलणारे त्याला रमाडा म्हणतात. दिवसाचा बहुतेक वेळ घरात नाही, रमाडाखाली जातो. ओल्ड मेनचा व्हरांडा क्राइटननी कुठून घेतला यावर वाद घालता येईल, पण तो काम करतो रमाडाचंच. जुन्या फोटोंत विद्यार्थी आणि शिक्षक तिथेच दिसतात.

ही इमारत एकदा जवळजवळ गेलीच होती. 1938 मध्ये शहराच्या इंजिनिअरांनी ती वापरण्यास धोकादायक ठरवली, आणि पाडून टाकायचं बोललं जात होतं. वाचवलं ते युद्धाने. 1942 मध्ये नौदलाला अधिकारी शिकवायला जागा हवी होती. समुद्रापासून इतक्या दूर, वाळवंटात! त्यांनी 89,000 डॉलर खर्चून इमारत दुरुस्त केली आणि वापरली. 1972 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदणीत आली. पुढचं मोठं जतनकाम 2014 मध्ये पुरं झालं, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांचं कार्यालय पुन्हा तिथे आलं. मला या गोष्टीचा आनंद आहे. जुनी इमारत संग्रहालय करून कुलूपबंद ठेवली की तिचं गळकं छप्पर कोणाच्या लक्षात येत नाही. रोज कोणी बसत असेल तर पहिल्या थेंबाला फोन जातो.

पुढच्या इमारतींबद्दल थोडक्यात, कारण त्या सुंदर असल्या तरी त्यांची गोष्ट सरळ आहे. ज्या कमानी पाहून तुम्हाला युरोप आठवला, त्या बहुतेक रॉय प्लेस या आर्किटेक्टच्या. 1920 आणि 30 च्या दशकांत त्यांनी या आवाराला त्याचा चेहरा दिला. 1927 ला पुरं झालेलं जुनं ग्रंथालय, ज्यात आता अ‍ॅरिझोना स्टेट म्युझियम आहे. 1926 ची बेअर डाउन व्यायामशाळा. 1937 चं मोठं सभागृह, आजचा सेंटेनियल हॉल. त्याच सुमाराची मुलींची वसतिगृहं. मंदीच्या काळात सरकारने बांधकामांसाठी जो पैसा सोडला त्यातून 30 च्या दशकातल्या बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या. लाल वीट हा आवाराचा नियमच झाला, तो इतका की आजही नव्या इमारतीत वीट कुठे ना कुठे डोकावते. 1986 मध्ये हा सगळा जुना भाग ऐतिहासिक परिसर म्हणून नोंदला गेला.

प्लेस यांच्या इमारतींत व्हरांडा कमी झाला, हे मात्र नोंदवते. त्याऐवजी कमानींमागे खोल ओवऱ्या आल्या, खिडक्या भिंतीत आत सरकल्या. सावली आहे, पण ती आता दर्शनी भागापुरती आहे, चारही बाजूंची नाही. याच काळात टूसॉनमध्ये घराघरांत पाण्याचे कूलर येऊ लागले होते. यंत्र आलं की आर्किटेक्टचा हात सैल होतो, हे मी पुण्यातही पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इमारतींत तर सावलीचं भान पार सुटलं, आणि ते परत यायला फार वर्षं गेली. 2015 मध्ये पर्यावरण विभागांसाठी जी नवी इमारत झाली, तिच्या पोटात घळईसारखा अरुंद, खोल चौक आहे, सावलीत बुडालेला, आणि मजले त्या चौकाकडे उघडतात. मुलीला विचारा, तिला माहीत असेल. तिथे बसून पाहा, मग ओल्ड मेनला या. दोघींत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे असं वाटणार नाही.

लाल विटांच्या गर्दीत एक पांढरी इमारत दिसली असेल, घुमटाची. ती स्टुअर्ड वेधशाळा, 1920 च्या दशकाच्या सुरुवातीची. लाव्हिनिया स्टुअर्ड या बाईंनी 1916 साली 60,000 डॉलर दिले म्हणून नाव तसं. घुमटाखाली 36 इंची दुर्बीण होती. गाव वाढलं, रात्रीचे दिवे वाढले, आणि 1963 मध्ये दुर्बीण किट पीकच्या डोंगरावर हलवावी लागली. इमारत राहिली. ज्या अँड्र्यू डग्लस यांनी ती वेधशाळा उभी केली, त्यांचं नाव माझ्या व्यवसायात रोज निघतं, ते मात्र ताऱ्यांसाठी नाही, लाकडासाठी. सूर्याचे डाग आणि हवामान यांचा संबंध शोधता शोधता त्यांनी झाडांची वलयं मोजायला घेतली, आणि 1929 मध्ये नैर्ऋत्येकडच्या प्राचीन पुएब्लो वस्त्यांच्या तुळयांवरून त्या कोणत्या वर्षी बांधल्या हे सांगता येऊ लागलं. तुळईला वय विचारायची ही विद्या या आवारात वाढली. 1937 मध्ये स्थापन झालेली त्यांची प्रयोगशाळा 'तात्पुरती' म्हणून फुटबॉलच्या स्टेडियमखाली ठेवली होती. स्वतःची इमारत मिळायला 2013 साल उजाडलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

टूसॉनला वर्षाला सुमारे 11 इंच, म्हणजे 280 मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरला त्याच्या दुपटीहून अधिक. त्या 11 इंचांतला निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये, दुपारच्या वादळांतून येतो. तिथले लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात, हाच शब्द. पहिला पाऊस पडला की क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सगळ्या गावात भरतो, आणि आपल्याकडे मृद्गंधाने माणसं जशी दारात येऊन उभी राहतात तशी तिथलीही राहतात. तो पाऊस मोठा, पण तासाभराचा. पन्हळ साफ असेल आणि जोत्यापासून उतार बाहेर असेल तर इमारत तो सहज सोसते. ओल्ड मेनसारखा जमिनीत उतरलेला मजला असेल तिथे मात्र पाणी साचणार नाही याची काळजी जास्त.

खरं संकट रोजच्या पाण्याचं. हिरवळीचं.

एक भिंत सांगते. कोणत्या विद्यापीठाची ते महत्त्वाचं नाही. वाळवंटातलीच, जुन्या विटांच्या वसतिगृहाची. मला बोलावलं तेव्हा तक्रार होती की 'उन्हाने वीट फुटतेय'. मी पोचले ती सकाळी सहाला. हिरवळीतले फवारे चालू होते आणि त्यातला एक बरोबर भिंतीवर पडत होता. जोत्यापासून गुडघ्यापर्यंतचा पट्टा गडद, ओला. त्याच्या वर हातभर उंचीचा दुसरा पट्टा, पांढरट, जसा काही कोणी मीठ फासलंय. ते मीठच होतं. आपल्याकडे म्हणतात ना, लोणा लागलाय. त्या पट्ट्यातल्या विटांवर बोट फिरवलं तर चेहरा पुडीसारखा सुटून आला. खाली गवतात लाल पीठ साचलं होतं, मूठभर. त्याच्या वरच्या, कडक उन्हात तळणाऱ्या विटा मात्र जशा भट्टीतून निघाल्या तशा खणखणीत.

असं का होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण वाळवंटात त्याचा वेग वेगळा. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, बरोबर क्षार घेऊन येते. हवा इतकी कोरडी की पाणी झपाट्याने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ते पृष्ठभागावर फुलले तर नुसते दिसतात, झाडून टाकता येतात. पण कोरड्या हवेत पाणी बऱ्याचदा विटेच्या आतच उडतं, आणि क्षाराचे खडे विटेच्या छिद्रांत वाढतात. ते आतून ढकलतात, मग चेहरा सुटतो. कोकणात ओली भिंत महिनोन्महिने ओलीच राहते, शेवाळते, पण इतक्या लवकर भुगा होत नाही. वाळवंटातली भिंत रोज भिजते आणि रोज वाळते. दर दिवशी एक आवर्तन.

त्या भिंतीवर दुसरा घाव माणसाचा होता. मूळच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या होत्या, मऊ. कधीतरी डागडुजी करताना कंत्राटदाराने चुना खरवडून काढला आणि सिमेंटने दर्जा भरल्या. दिसायला टणक, नीटस. चुन्याची दर्ज श्वास घेते. ओल तिच्यातून बाहेर पडते, क्षार तिच्यात जमतात, आणि पन्नास-साठ वर्षांनी ती दर्ज झिजली की नवी भरायची. झिजायचं काम तिचं, विटेचं नव्हे. सिमेंटची दर्ज विटेपेक्षा घट्ट, तिच्यातून काही बाहेर पडत नाही, म्हणून सगळी ओल विटेतून वाट काढते. मग विटा खात जातात आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उभ्या राहतात. पुण्यात वाड्यांच्या भाजक्या विटांत मी हेच पाहिलं होतं, पण तिथे ते व्हायला जितकी वर्षं लागली त्याच्या निम्म्यातही इथे झालं. त्या वसतिगृहातलं सिमेंट काढायला आम्हाला छिन्नी-हातोडीनेच बसावं लागलं. यंत्राने काढलं असतं तर विटेच्या कडा गेल्या असत्या. एका गवंड्याचं दिवसाचं काम किती, तर काही फूट.

टूसॉनच्या दक्षिणेला, ओओडहाम लोकांच्या भूमीवर, सॅन झेवियरचं पांढरं चर्च आहे, 1783 ते 1797 या काळात बांधलेलं. विद्यापीठाच्या शंभर वर्षं आधीचं, आणि तेही भाजक्या विटांचं, वर चुन्याचा गिलावा. तेव्हा 'मातीच्या मुलखात वीट परकी' हेही पूर्ण खरं नाही. तिथेही विसाव्या शतकात सिमेंटचा गिलावा चढवला गेला, आत ओल कोंडली, आणि भिंतींचं, आतल्या चित्रांचं नुकसान झालं. मग स्थानिक कारागिरांनी सिमेंट उतरवून पुन्हा चुना लावायला घेतला, आणि त्या चुन्यात ते निवडुंगाचा चीक मिसळतात. फड्या निवडुंगाचे पंजे पाण्यात टाकून तो बुळबुळीत रस काढायचा. त्याने गिलावा हळू वाळतो, तडे कमी जातात, पाणी कमी शोषतो. आपल्याकडे चुन्याच्या घाणीत गूळ आणि बेलफळाचा गर घालायचे, ते याच कामासाठी. जेजुरीकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला पहिल्यांदा बेलाचा गर घातलेला चुना हातात दिला होता. तो बोटांना कसा लागतो ते लक्षात होतं, म्हणून निवडुंगाचा चुना हातात घेतल्यावर मला त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

उन्हाचं काहीच नाही का? आहे. लाकडाचा रंग दोन-तीन वर्षांत करपतो, व्हरांड्याचे खांब आणि कठडे उन्हाने चिरतात, आणि चिरेत पावसाचं पाणी शिरलं की वाळवी येते. वाळवंटात वाळवी भरपूर आहे. पण रंग आणि लाकूड ही वेळच्या वेळी करायची कामं आहेत. भिंतीचा चेहरा गेला तर परत येत नाही.

म्हणून मला विचारलं की जुन्या वाळवंटी आवारासाठी पहिलं काम काय, तर मी सांगते की भिंतीपासून हिरवळ पाच-सहा फूट मागे घ्या. तिथे खडी टाका, किंवा थोड्या पाण्याची देशी झाडं लावा. टूसॉनच्या विद्यापीठाने आपल्या आवाराला वनस्पती उद्यानाचा दर्जा दिला आहे, आणि मधल्या लांब हिरवळीत क्रच यांच्या नावाचा निवडुंगाचा बगीचाही जपला आहे. तो बगीचा पाहताना लोकांना वाटतं, हा वाळवंटाचा नमुना ठेवलाय. माझ्या मते भोवतालची हिरवळ हाच पाहुणा नमुना. खेळायला, बसायला ती हवी, मुलांचं ते हक्काचं ठिकाण आहे. फक्त भिंतीला चिकटून नको.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. आवाराच्या पश्चिम कडेला बसकी दगडी भिंत आहे, काळ्या दगडाची. सोलापुरातून आलेल्या माणसाला तो दगड परका वाटणार नाही, कारण तो बेसॉल्टच आहे. गावाशेजारच्या सेंटिनेल पीकच्या, ज्या टेकडीवर मोठं 'ए' अक्षर रंगवलंय तिच्या, खाणीतून तो आणला. टूसॉनमधल्या कित्येक जुन्या घरांची जोती त्याच दगडाची. जोत्याला काळा दगड आणि वर वीट किंवा माती, ही रचना तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. दगडातून ओल फारशी चढत नाही, म्हणून ज्या घरांना ते जोतं आहे त्यांच्या भिंती आजही खालून शाबूत आहेत.

पुढच्या वेळी जाल तेव्हा शक्य झालं तर जुलैत जा, लोक नको म्हणतील तरी. दुपारी चारच्या सुमाराला ओल्ड मेनच्या पूर्वेच्या व्हरांड्यात उभे राहा. ऊन तेव्हा पश्चिमेला गेलेलं असतं. आधी भिंतीला हात लावा, मग पायऱ्या उतरून उन्हातल्या एखाद्या साध्या भिंतीला. नंतर इमारतीला एक फेरी मारा आणि खालच्या मजल्याच्या खिडक्या जमिनीच्या कुठे येतात ते पाहा. लेकीला बरोबर घ्या. आणि फोटो काढाल तेव्हा छपराची नक्षी थोडी कापली गेली तरी चालेल, भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा चौकटीत येऊ द्या. तो मला पाठवा. वर्षभराने त्याच जागेचा पुन्हा काढून पाठवलात तर दोन्ही शेजारी ठेवून मी सांगू शकेन की पांढरा पट्टा तिथे आहे का, आणि असला तर चढतोय की उतरतोय.